मेलेल्या संघाचं इनाम

स्पिरिट्स ऑफ सेंट लुईस हा व्यावसायिक बास्केटबॉल संघ जेमतेम दोन हंगाम जगला, १९७४ ते १९७६. जेतेपद एकही नाही. दुसऱ्या हंगामात तर प्रेक्षकांनीही पाठ फिरवली. पण मेल्यावर त्याने जे कमावलं, त्याला तोड नाही.

हा संघ ज्या लीगमध्ये खेळायचा, ती अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन, म्हणजे ए.बी.ए., १९६७ मध्ये सुरू झालेली एक बंडखोर जत्राच होती. लाल-पांढरा-निळा चेंडू, लांबून टाकलेल्या बास्केटला तीन गुण आणि थोरल्या एन.बी.ए.शी उभा दावा. (तो तीन गुणांचा नियम थोरलीने १९७९ मध्ये मुकाट्याने उचलला.) कापडधंद्यातले ऑझी आणि डॅन हे सिल्ना बंधू या जत्रेत शिरले, कॅरोलायनाचा संघ विकत घेऊन त्यांनी सेंट लुईसला आणला आणि चार्ल्स लिंडबर्गच्या विमानाचं नाव त्याला दिलं. १९२७ मध्ये लिंडबर्ग एकट्याने न्यूयॉर्कहून पॅरिसला गेला, ते विमान.

आणि विमानाच्या नावाने मिरवणाऱ्या या संघाचा हुकमी एक्का होता मार्विन बार्न्स! पहिल्याच हंगामात सामन्याला सरासरी २४ गुण. वक्तशीरपणाशी मात्र कायमचं वाकडं. त्याचा एक किस्सा बॉब कॉस्टासने पुढे अनेकदा रंगवून सांगितला. हा कॉस्टास तेव्हा बाविशीतला पोरगा, रेडिओवर संघाचं समालोचन करायचा. लुइव्हिलहून सेंट लुईसला विमानाने परतायचं होतं. दोन शहरांच्या घड्याळांत तासाचा फरक, त्यामुळे कागदावर पोचायची वेळ सुटायच्या वेळेच्याही आधीची. बार्न्सने तो कागद निरखून पाहिला. असल्या काळात मागे नेणाऱ्या यंत्रात मी बसणार नाही, असं सांगून त्याने सरळ भाड्याची गाडी केली आणि रस्त्याने निघाला. किश्शाला मीठमसाला लागला असेल, लागू दे. माझा त्यावर विश्वास आहे, कारण हा संघ खेळायचाही असाच, वेळापत्रकाला न जुमानता. १९७५ च्या बाद फेरीत समोर गतविजेते न्यूयॉर्क नेट्स, त्यांच्यात ज्युलियस अर्व्हिंग. साखळीत ज्यांना एकदाही हरवता आलं नव्हतं, त्यांनाच या पोरांनी ४-१ असं घरी पाठवलं.

पुढच्याच वर्षी दुकान बंद. १९७६ मध्ये ए.बी.ए.चे चार संघ थोरल्या लीगने पदरात घेतले: नेट्स, नगेट्स, पेसर्स आणि स्पर्स. केंटकी आणि सेंट लुईस बाहेर राहिले. केंटकीच्या मालकाने तीसेक लाख डॉलर घेतले आणि विषय संपवला. सिल्ना बंधूंनी रोख कमी घेतली, साधारण २२ लाख, पण वर एक कलम मागितलं. त्या चार संघांना टीव्हीच्या हक्कांतून जे मिळेल, त्यातला प्रत्येकी सातवा हिस्सा आम्हाला, आणि तोही लीग चालू असेपर्यंत. जुन्या ताम्रपटांत चंद्रसूर्य असेतोवर इनाम लिहून देत, तसलाच मामला. थोरलीने खुशाल सही केली. नव्या चौघांना पहिली तीन वर्षं टीव्हीचा पैसा मिळणारच नव्हता. आणि पुढे तरी असा कितीसा मिळणार होता?

मग मॅजिक जॉन्सन आला, लॅरी बर्ड आला, जॉर्डन आला, घरोघरी केबल आली. २०१४ पर्यंत या दोघा भावांनी सुमारे ३० कोटी डॉलर घेतले होते. त्या जानेवारीत लीगने आणखी ५० कोटी मोजून त्या कलमातून बरीचशी मान सोडवून घेतली.

क्रीडा-व्यवहारातला सर्वांत अक्कलहुशारीचा सौदा म्हणून याचे गोडवे गायले जातात. सिल्नांच्या धूर्तपणाला माझाही नमस्कार. पण तो करताना मन बार्न्सपाशी अडकतं. अमली पदार्थ, तुरुंग, वाया गेलेली गुणवत्ता. सौदा मिटला त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो गेला, ६२ व्या वर्षी. तो खेळला, म्हणून संघाला काही किंमत होती. कलमात मात्र मालक होते, खेळाडू नव्हते.

ए.बी.ए.च्या म्हाताऱ्या खेळाडूंची आठवण थोरल्या लीगला झाली ती २०२२ मध्ये. सुमारे ११५ जणांसाठी मिळून २ कोटी ४५ लाख डॉलर. खेळलेल्या प्रत्येक वर्षामागे सालीना ३,८०० च्या आसपास, आणि अट अशी की किमान तीन वर्षं खेळलेलं हवं. फक्त सेंट लुईसकडून खेळलेला माणूस या अटीत बसतच नाही.