वडूजचे चार दिवस : शाळेविना स्वाध्याय

साताऱ्याहून कोरेगाव, पुसेगाव मागे टाकून खटावमार्गे वडूजला उतरलो, तेव्हा संक्रांत नुकतीच झाली होती. तालुक्याचे नाव खटाव असले तरी त्याचे मुख्य ठिकाण वडूज. येरळा नदीच्या काठचा हा मुलूख कमी पावसाचा, ज्वारी-बाजरीचा. माझा पुतण्या काही वर्षांपूर्वी पुण्याची नोकरी सोडून येथील वडिलोपार्जित भुसार दुकानात परतला. त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती अशी, की अकरा वर्षांचा मुलगा आणि आठ वर्षांची मुलगी यांना त्याने कोणत्याच शाळेत घातलेले नाही. "तुम्ही बँकेत मोठमोठ्या कर्जदारांची समजूत घातलीत, आता घरच्याची घाला," असे म्हणून थोरल्या वहिनींनी मला पाठविले.

घरी वेळापत्रक असेल, फळा असेल, अशी माझी कल्पना होती. तसे काहीच नव्हते. देवदर्शन आटोपून मुलगा वडिलांबरोबर दुकानात बसला. ज्वारीचा दाणा दाताखाली धरून माल वाळला आहे की नाही, हे तो सांगे. मी त्याला चक्रवाढ व्याजाचे उदाहरण घातले : दहा हजार रुपये, दरसाल आठ टक्के, मुदत तीन वर्षे. चक्रवाढ हा शब्दच त्याला ठाऊक नव्हता. मी अर्थ सांगितला. सूत्र मुद्दामच सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी एकेका वर्षाची आकडेमोड करून त्याने २,५९७ रुपये १२ पैसे हे अचूक उत्तर आणले. मात्र खाली लिहिलेल्या दोन ओळींत शुद्धलेखनाच्या पाच चुका होत्या.

धाकटीचे उद्योग निराळे. घरात सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याचा नियम. त्यामुळे पंचांगातील सूर्यास्ताची वेळ रोज पाहून सर्वांना सांगणे हे तिचे काम. दिवाळीपासून ती त्या वेळा एका वहीत उतरवीत होती. तिने मला विचारले, "आजोबा, सर्वांत लहान दिवस बावीस डिसेंबरचा म्हणतात ना? मग सूर्य त्याच्या आधीपासूनच उशिरा का मावळू लागला?" मी एम.कॉम., बँकेत उभी हयात काढलेला. पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. आम्ही दोघे पंचांग घेऊन बसलो. सूर्योदयाचा रकाना पाहिल्यावर उलगडा झाला. डिसेंबरात सूर्यास्त पुढे सरकू लागतो, पण सूर्योदय त्याहून अधिक वेगाने पुढे सरकत असतो. म्हणून दिवस लहानच होत जातो. त्या संध्याकाळी जेवण वेळेत आटोपले, पण माझे मन त्या दोन रकान्यांतच राहिले.

तिसऱ्या दिवशी मुलांनी मला हुतात्मा स्मारकापाशी नेले. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवर गेलेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मे झाले. मुलाने तो इतिहास गावातील वृद्धांकडून ऐकला होता. धाकटीला स्मारकावरील नावे अजून सलग वाचता येत नव्हती. भावाने वाचून दाखविली, तिने बोटाने मोजली. मला ते खटकले.

अमेरिकेतील शिक्षक जॉन होल्ट यांनी अशा शिक्षणाला 'अनस्कूलिंग' हे नाव दिले आणि १९७७ मध्ये त्यासाठी नियतकालिकही काढले. घरात शाळा भरवायची नाही, मुलाच्या जिज्ञासेमागून जायचे, हा त्याचा गाभा. आपल्याला हे अगदीच परके नाही. तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. म्हणजे वाचणे, विचारणे, मनात घोळविणे, पाठ करणे आणि इतरांना सांगणे. पृच्छना तर या घरात ओसंडून वाहत होती. वाचना मात्र मागे पडली होती. आपल्या पेढ्यांवरही पोरे गादीजवळ बसूनच पावकी, निमकी, सवायकी, दिडकी शिकली.

पण त्याच परंपरेत माझी आत्याही होती. सर्व पाढे तिला तोंडपाठ, व्याजाचा हिशेब बोटांवर. परंतु तिला शाळेत कोणी पाठविलेच नाही. ती माझ्या शाखेत पैसे काढायला आली तेव्हा तिचा अंगठा मीच शाईत बुडवून कागदावर उमटविला. तिने पदराने शाई पुसली आणि म्हणाली, "तुझी सही किती छान आहे रे." ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

याच सातारा जिल्ह्यात आपल्या समाजातील कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. स्वतः मॅट्रिकही न झालेल्या या पुरुषाने गोरगरिबांच्या मुलांसाठी शाळेचे दार उघडले; वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. ज्यांच्या घरी पंचांग घेऊन सोबत बसायला कोणी मोकळे नसते, त्यांना ते दारच आधार असते. पुतण्याच्या दुकानातील हमालाची मुलगी रोज शाळेत जाते. तिला घरी ठेवले तर ते अनस्कूलिंग होणार नाही. ती माझ्या आत्याचीच गोष्ट पुन्हा घडेल.

निघण्याच्या आदल्या रात्री मी पुतण्याला आणि सूनबाईंना मन मोकळे करून सांगितले. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य ठरविले आहे; घरी शिकविणाऱ्यांसाठी त्यात वेगळी तरतूद नाही, याचे भान ठेवा. चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थेतर्फे दहावीची परीक्षा देता येते; तो मार्ग मुलांसाठी खुला ठेवा. आणि धाकटीच्या वाचनासाठी रोज अर्धा तास तिच्याशेजारी बसा.

पुतण्या गप्प राहिला. सूनबाई म्हणाल्या, "काका, परीक्षा द्यायची की नाही हे मुले ठरवतील. वाचनाचे मात्र तुमचे खरे आहे. तिला आपोआप येईल म्हणून मी वाट पाहत राहिले."

वहिनींनी सोपविलेले काम माझ्याने अर्धेच झाले. मुले शाळेत गेली नाहीत, आणि मलाही त्यांना ओढून न्यावेसे वाटले नाही. घरी परतल्यावर आठवड्याने पोस्टकार्ड आले. वेडीवाकडी अक्षरे, 'सूर्य' शब्दाला ऱ्हस्व उकार. मजकूर एकच ओळीचा होता : आजोबा, आता सूर्योदयही लवकर होऊ लागला. खाली तिने स्वतःचे नाव लिहिले होते. मी ते पुन्हा पुन्हा पाहिले. ती तिची सही होती.