सोडायच्या गोष्टींची यादी

वाई,
रविवार, रात्री

चि. भाऊ,


तुझं पत्र मिळालं. सोबत वहीच्या पानावर 'सोडायच्या गोष्टी' लिहून पाठवल्यास: तबला, गावची यात्रा, दिवाळी, रात्रीचं जेवण. खाली लिहिलंस, 'ताई, काही राहिलं असेल तर सांग.' चार दिवस ते पान मिठाच्या बरणीखाली ठेवून येता-जाता वाचतेय.

आधी माझ्या पेटीचं सांगते. डी.एड.च्या परीक्षेआधी मी ती जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली. परीक्षा झाली की काढू म्हटलं. मग नोकरी लागली, लग्न झालं, तुझी भाची झाली. परवा, अकरा वर्षांनी, पेटी खाली काढली. भात्याला चीर गेलीय. मधल्या सप्तकातला पंचम दाबला की नुसती हवा फुसफुसते. तेव्हा पेटी बाजूला ठेवली याचं मला वाईट वाटत नाही, अभ्यासाला वेळ हवाच होता. परत कधी हात लावायचा ते ठरवलं नाही, याचं वाटतं. म्हणून तबला सोड, पण त्याच्यापुढे परतीचा दिवस लिही.

यात्रा आणि दिवाळी मात्र खोड. त्या तुझ्या एकट्याच्या नाहीत. तुझ्या खोलीच्या डिपॉझिटसाठी आबांनी म्हैस विकली. घरच्यांनी सोडलेलं तुझ्या यादीत कुठेच नाही, आणि वर त्यांची दिवाळीही तू परस्पर सोडून टाकलीस. राज्य लोकसेवा आयोग खुल्या गटातल्या मुलाची 38 वर्षांपर्यंत वाट बघतो. आबांचे गुडघे तेवढी वाट बघणार नाहीत.

सोडण्याचंच एक उदाहरण सांगते. र. धों. कर्व्यांना संततिनियमनाच्या प्रचारापायी 1925 मध्ये प्राध्यापकी सोडावी लागली. 1927 मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि 1953 मध्ये जाईपर्यंत चालवलं. पण मूल होऊ द्यायचं नाही, हे त्यांनी आणि त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी मिळून ठरवलं होतं. ज्याला झळ लागणार, त्याला आधी विचारावं. तू आईला विचारलंस का?

रात्रीचं जेवण सोडण्याचा तर विचारही करू नकोस. रिकाम्या पोटी अभ्यासिकेत बसून पानं उलटतील, डोक्यात काही राहणार नाही.

आता राहिलेलं सांगते. सदाशिव पेठेतली संध्याकाळची टपरी तुझ्या यादीत नाही. एका चहावर दीड तास 'कट-ऑफ किती लागेल' हीच चर्चा चालते, हे तूच मला सांगितलंस. ती सोड. दुसरं याहून अवघड आहे. तीन वर्षांत तू पर्यायांना खुणा करण्यासाठी टिपणं काढलीस, पण मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली, नऊ पेपरांची. ती टिपणं जीव तोडून केलीस म्हणून तू त्यांना धरून बसलायस. त्यातलं लागेल तेवढं घे, बाकीचं गठ्ठा बांधून ठेव आणि रोज दोन उत्तरं हातानं लिही. आणि अजून किती वेळा परीक्षेला बसायचं, तो आकडाही आजच, मन शांत असताना लिहून ठेव. निकालाच्या रात्री तो ठरवता येत नाही.

भाऊ, सोडलं म्हणजे मोठं काही केलं असं आपल्याला वाटतं. म्हणून जे सोडताना डोळ्यांत पाणी येतं, तेच आपण आधी यादीत घालतो. तू वेळ कुठे गळतोय ते बघ आणि तिथं हात घाल.

पेटी दुरुस्तीला दिलीय, दिवाळीपर्यंत मिळेल. दोनच दिवस ये. तबला घरी आहेच. त्याला हात लावायचा की तू लिहिलेला दिवस पाळायचा, ते तू ठरव. आबांजवळ मात्र बस.

तुझी,
ताई