थिसलगॉर्मला जायचंय? आधी बोट बघा!

तांबड्या समुद्राच्या तळाशी, ३० मीटर खोल, एक आख्खं गोदाम पडलंय. बीएसएच्या मोटरसायकली, बेडफर्डचे ट्रक, गमबुटांचे ढीग. एसएस थिसलगॉर्म हे ब्रिटिश मालवाहू जहाज ६ ऑक्टोबर १९४१ला रात्रीच्या अंधारात जर्मन विमानांनी बुडवलं. नऊ जण गेले. पुढे १९५०च्या दशकात जाक कुस्तोच्या टीमने ते शोधलं. आज रेक डायव्हिंग, म्हणजे बुडालेल्या जहाजांवरचं डायव्हिंग, करणाऱ्या प्रत्येकाच्या यादीत हे नाव असतंच. माझ्याही होतं. तारकर्लीत पहिले धडे, मग अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स, मग बॉसच्या मागे लागून मिळवलेली रजा.

पण गंमत बघा. जायचं ठरलं की सगळे त्या बुडालेल्या जहाजाचे फोटो बघत बसतात. आपल्याला तिथे नेणारी बोट कशी आहे, हे फारसं कुणी विचारत नाही. आणि जाहिरातीत काय दिसतं? जकुझी, सनडेक, पांढऱ्याशुभ्र चादरी. अरे, बोट बुक करतोय की लग्नाचा हॉल?

डे-बोट घ्यायची की राहण्याची सोय असलेली सफारी बोट, हा प्रश्न सोपा आहे. शर्म-अल-शेखहून डे-बोटी भल्या पहाटे निघतात, पोचायलाच काही तास लागतात आणि पोचता तेव्हा बाकीच्या बोटीही हजर! सफारी बोट महाग पडते, पण मुक्काम तिथेच, त्यामुळे गर्दी जमायच्या आत तुम्ही पाण्यात. मी सफारी घेतली. खिशाला चाट बसली, चालायचंच.

मात्र सफारी घेतली की तुम्ही त्या बोटीवर झोपणार. खरी मेख इथे आहे. २ सप्टेंबर २०१९ला कॅलिफोर्नियात सांताक्रूझ बेटाजवळ ‘कन्सेप्शन’ नावाच्या डाइव्ह बोटीला पहाटे आग लागली आणि ३४ जण गेले. सगळे खालच्या बंक रूममध्ये झोपलेले. बाहेर पडायच्या वाटा दोन होत्या, पण दोन्ही वरच्या एकाच खोलीत निघत होत्या, आणि ती खोलीच पेटलेली! रात्री फेरी मारणारा पहारेकरी नव्हता, हे चौकशीत पुढे आलं. तांबडा समुद्रही काही अपवाद नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये मर्सा आलमजवळ ‘सी स्टोरी’ ही सफारी बोट उलटली. काही जणांना दुसऱ्या दिवशी तिच्या आतून जिवंत बाहेर काढलं.

म्हणून मी तीन ठिकाणी एकच ई-मेल टाकला : रात्री जागं कोण असतं? आणि केबिनमधून बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठे उघडतो? एकाने उत्तरादाखल डिस्काउंट पाठवला. दुसऱ्याचं उत्तरच आलं नाही. तिसऱ्याने पहाऱ्याच्या पाळ्या तासांसकट लिहून पाठवल्या, सोबत त्या वाटेचा फोटो. बोट जुनाट दिसत होती, कॉफी मशीनसुद्धा नव्हतं. पैसे तिलाच भरले.

चढल्यावर सामान ठेवायच्या आधी मी ती वाट स्वतः चढून बघितली. केबिनमेट हसला. मग तोही चढला! ऑक्सिजनचा सिलिंडर, लाइफ जॅकेट, पाण्यातून डायव्हर उचलायला छोटी रबरी बोट, हे सगळं पाच मिनिटांत बघून होतं. रबरी बोट मात्र हवीच. थिसलगॉर्मवर प्रवाह कधी कधी इतका जोरात असतो की दोर सुटला तर तुम्ही भलतीकडेच वर येता. प्रत्येक डाइव्हनंतर हजेरी घेतात का, तेही विचारा. आमच्याकडे शाळेसारखी नावं पुकारायचे. एकदा एक महाशय शॉवरखाली होते, तर ते ओलेचिंब बाहेर येऊन ‘हजर’ म्हणेपर्यंत इंजिन सुरू झालं नाही.

पहिल्या सकाळी ट्रकच्या केबिनपाशी पोचलो तेव्हा तिथे आम्ही चौघंच होतो. हेडलाइटच्या जागी मासे फिरत होते. पंधरा मिनिटांत गाईडने वर चलायची खूण केली. अजून दोन मिनिटं, असं मनात आलंच, पण निघालो.

दुसऱ्या दिवशी गाईड आधी उतरला, दोर बघितला, वर येऊन म्हणाला, ‘प्रवाह वाढलाय, आज नाही.’ दोघंतिघं कुरकुरले, पैसे भरलेत वगैरे. कॅप्टनने चहा मागवला आणि नांगर उचलला.