मनावरहून तीन घरं

मनावर म्हटलं की इंदूरची माणसंसुद्धा क्षणभर थांबतात आणि विचारतात, "म्हणजे मांडूच्या खाली ना?" मान नदीच्या काठचं, कापसाचं आणि मिरचीचं हे आमचं निमाडातलं गाव. सुट्टीत पाहुणे आले की त्यांना काय दाखवायचं याचं उत्तर ठरलेलं असतं. एक दिवस मांडू, एक दिवस बाघच्या लेण्या, आणि उरलेले दिवस खाणं.

या हिवाळ्यात दादाची दोघं आली होती, भाचा इंदूरहून आणि भाची पुण्याहून. मांडू त्यांचं चार वेळा झालेलं. भाचीनं पुण्यात महात्मा फुल्यांचा वाडा पाहिला होता. वाड्यातली ती विहीर, जी जोतिरावांनी १८६८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसांसाठी खुली केली, तिच्या मनात बसली होती. "आत्या, आपल्याकडे असं कोणाचं घर नाही का?" असं तिनं विचारलं, आणि मी बोटांवर मोजायला लागले. तेव्हा माझ्याच लक्षात आलं की मनावरहून सकाळी निघून रात्री परत येता येईल एवढ्या अंतरावर अशी तीन घरं आहेत. महेश्वरला अहिल्याबाई होळकरांचा वाडा, महूला डॉ. आंबेडकरांचं जन्मस्थान आणि अलीराजपूरकडे भाबऱ्याला चंद्रशेखर आझादांची कुटी. एक राज्यकर्तीचं घर, एक फौजी क्वार्टर, एक झोपडी. शिवाय तिन्ही घरं बाहेरून इकडे आलेल्या माणसांची. अहिल्याबाई नगरकडच्या चौंडीच्या, सकपाळ कोकणातले, तिवारी उन्नावकडचे. आपल्यासारखेच की.

आधी महेश्वर. धरमपुरी, धामनोद करत गेलो. किल्ल्याच्या दरवाजातून वर चढलं की वाडा समोर येतो, आणि पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा जरा पडतो. राजवाडा म्हणून डोळ्यांपुढे जे असतं त्यातलं इथे काही नाही. लाकडी खांब, पडव्या, मधे चौक. आपल्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी जहागीरदाराचा वाडा शोभावा इतकाच. ज्या गादीवर बसून त्यांनी कारभार पाहिला ती जमिनीलगतची साधी बैठक आहे. भाचा म्हणाला, "एवढंच?"

त्याला मी घाटावर नेल्यावर सांगितलं की हिशोब उलट बाजूनं करायचा. काशी विश्वेश्वराचं आजचं मंदिर १७८० साली यांनीच बांधून घेतलं. सोमनाथला, गयेला, आणि देशभर कितीतरी ठिकाणी देवळं, घाट, विहिरी, धर्मशाळा त्यांच्या. इथे समोर नर्मदेवरचे हे रुंद दगडी घाट पाहा आणि मग मागे वळून तो वाडा पाहा. दगड कुठे खर्च झाला ते कळतं.

पण महेश्वरच्या वाड्यात मला दरवेळी वेगळीच गोष्ट आठवते. पती खंडेराव कुंभेरीच्या वेढ्यात १७५४ मध्ये गेले. बारा वर्षांनी सासरे मल्हारराव, त्यांच्या पाठोपाठ वर्षभरात मुलगा मालेराव. पुढे मुलगी मुक्ताबाई नवऱ्यामागे सती गेली. इंदूर सोडून अहिल्याबाईंनी राजधानी इथे आणली आणि १७९५ मध्ये देह ठेवला तोही इथेच. ज्या घरातली माणसं एकेक करून गेली, त्याच घराच्या चौकात रोज लोकांची गाऱ्हाणी ऐकायला बसायचं, याला काय लागत असेल! इतिहासाच्या पुस्तकात "न्यायप्रिय" एवढा एक शब्द असतो. तो शब्द या पडवीत बसून वाचावा.

आणि हा वाडा अजून वापरात आहे. देवघरात लिंगार्चन चालतं. मातीची लहान लहान शिवलिंगं करून त्यांची पूजा होते आणि ती नर्मदेत सोडली जातात. किल्ल्याच्या एका भागात होळकर घराण्याचं हॉटेल आहे, ते आमच्या खिशाला परवडणारं नाही, असो. तिथेच जवळ विणकरांचे माग खटखटत असतात. अहिल्याबाईंनी विणकर आणून वसवले, तो धंदा विसाव्या शतकात मरायला टेकला होता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी रेवा सोसायटी काढून तो पुन्हा उभा केला. भाचीनं आईसाठी साडी घेतली. भाव करायला गेली, जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी महू. धामनोदहून गुजरी, मग घाट चढून मानपूर. निमाडातून माळव्यात चढताना हवा बदलते, ते मुलांना गाडीच्या काचा खाली करून दाखवलं.

महूची गोष्ट आपल्या घरांमधली वाटावी अशी आहे. रामजी मालोजी सकपाळ मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंबडव्याचे, फौजेत सुभेदार, महूच्या छावणीत लष्करी शाळेत शिकवायचे. नोकरीपायी माळव्यात आलेलं मराठी कुटुंब. १४ एप्रिल १८९१ ला तिथे त्यांचं आणि भीमाबाईंचं चौदावं अपत्य जन्मलं. दोन-तीन वर्षांतच वडील निवृत्त झाले आणि कुटुंब दापोलीला गेलं, पुढे साताऱ्याला. म्हणजे बाबासाहेबांना महू आठवत असण्याचा प्रश्नच नाही.

तिथे आता संगमरवरी, घुमटाचं, स्तूपासारखं स्मारक आहे. शताब्दीच्या वर्षी, १९९१ ला पायाभरणी झाली आणि २००८ च्या १४ एप्रिलला ते खुलं झालं. समोर बाबासाहेबांचा पुतळा, आत त्यांच्या आयुष्यातले प्रसंग. स्वच्छ, भव्य, शांत. भाच्यानं सगळं फिरून पाहिलं आणि विचारलं, "आत्या, पण घर कुठे आहे?"

घर नाही. फौजी क्वार्टर कोण जपून ठेवतं? सुभेदाराची बदली झाली की दुसरा सुभेदार. त्या खोलीत जन्मलेलं मूल पुढे देशाची राज्यघटना लिहिणार आहे हे भिंतींना कुठून कळणार! जागा शोधून ती फौजेकडून मिळवायला कार्यकर्त्यांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. त्यामुळे संगमरवराबद्दल तक्रार करायची माझी हिंमत होत नाही. दर १४ एप्रिलला इथे महाराष्ट्रातून, विदर्भातून माणसं येतात, रात्र रेल्वेत काढून, भाकरी बांधून. त्यांना भिंत नकोच असते, त्यांना ती जमीन हवी असते. तरीही भाच्याचा प्रश्न माझ्या मनात राहिला.

त्याला मी मग दादरच्या राजगृहाबद्दल सांगितलं, कारण बाबासाहेबांचं खरं घर ते. हिंदू कॉलनीत १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ते बांधून घेतलं, प्राचीन मगधाच्या राजधानीचं नाव दिलं, आणि मुख्यतः पुस्तकांसाठी बांधलं. पन्नास हजारांवर ग्रंथ त्यांच्या संग्रहात होते असं सांगतात. माणसं एका बाजूला आणि कपाटं सगळीकडे, असं घर. रमाबाई १९३५ मध्ये तिथेच गेल्या. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत बाबासाहेबांचं निधन झालं, तेव्हा पार्थिव तिथेच आणलं. राजगृहाच्या तळमजल्यावर संग्रहालय आहे आणि वर कुटुंब राहतं. वर दोरीवर कपडे वाळत असतात आणि खाली माणसं हात जोडून फिरत असतात, हे मला फार बरं वाटतं. दिल्लीतल्या अलीपूर रोडवरचं घर, जिथे ते गेले, तेही मूळ रूपात उरलेलं नाही, तिथे २०१८ पासून पुस्तकाच्या आकाराचं स्मारक आहे. आणि लंडनमधलं, जिथे ते १९२१-२२ मध्ये विद्यार्थी म्हणून भाड्यानं राहिले, ते महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली विकत घेतलं. निवासी भागात संग्रहालय नको म्हणून तिथल्या नगरपालिकेनं परवानगी नाकारली, शेवटी अपिलात २०२० मध्ये मिळाली. भाडेकरूची खोली जपली आणि जन्माची खोली गेली, असा हा उलटा प्रकार.

हे सगळं मी इतकं का लिहितेय, तर आमच्या मनावरच्या घराचाही प्रश्न सध्या उभा आहे. पणजोबा संस्थानी नोकरीत धारकडे आले, आजोबा मनावरला स्थिरावले, बाजारातलं घर त्यांचं. खाली दुकानाची जागा, वर माळा, मागे विहीर, आता बुजवलेली. आई-बाबा गेल्यानंतर वर्षातले दहा महिने कुलूप असतं. गिऱ्हाईक आहे, त्याला घर नको, जागा हवी, तो पाडून दुकानं काढणार. दादाचं मत विकावं, धाकट्याचं मत थांबावं. मुलं गप्प बसून ऐकत असतात. आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांत, धार असो, देवास असो, हेच बोलणं चालू असेल. पुढाऱ्यांच्या घरांचं सरकार काहीतरी करतं. आपल्या घरांचं काय करायचं ते आपल्यालाच ठरवावं लागतं, आणि ते ठरवताना "जपायचं" म्हणजे नक्की काय, यावर दोन भावांचंही एकमत होत नाही. महेश्वरचा वाडा टिकला तो कोणीतरी तिथे रोज पूजा करतं, माग चालवतं, हॉटेलही चालवतं म्हणून. कुलूप लावून कुठलंच घर टिकत नाही, हे माझं मत मी दादाला सांगितलं. त्याला ते विकण्याच्या बाजूचं वाटलं, धाकट्याला न विकण्याच्या.

तिसऱ्या दिवशी भाबरा. कुक्षीवरून जोबटकडे, ताडांच्या मुलुखातून. भाबऱ्याचं नाव २०११ पासून चंद्रशेखर आझाद नगर आहे, पण बसवाले अजून भाबराच म्हणतात. २३ जुलै १९०६ ला इथे सीताराम तिवारी आणि जगरानीदेवींच्या पोटी आझाद जन्मले. वडील अलीराजपूर संस्थानात छोट्या नोकरीवर. मुलगा भिल्लांच्या पोरांबरोबर तिरकमठा चालवायला शिकला, पुढे बनारसला गेला, आणि तिथल्या कोर्टात स्वतःचं नाव "आझाद" सांगून फटके खाऊन आला. झोपडीच्या जागी आज स्मारक आहे, आझाद कुटी म्हणतात. पाहायला पंधरा मिनिटं पुरतात.

पण या कुटीतली खरी गोष्ट मुलगा गेल्यानंतरची आहे, आणि ती आपल्या मराठी मुलांना माहीत असावी. २७ फेब्रुवारी १९३१ ला अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कात आझाद गेले. आई भाबऱ्यातच राहिली, पुढे एकटी, अतिशय हलाखीत. स्वातंत्र्य आलं तरी तिची चौकशी करायला कोणी आलं नाही. आले ते सदाशिवराव मलकापूरकर, झाशीचे मराठी क्रांतिकारक, आझादांचे साथीदार. भुसावळला भगवानदास माहौर यांच्याबरोबर शस्त्रांसह पकडले गेलेले, आणि जळगावच्या कोर्टात माफीच्या साक्षीदारांवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या खटल्यातले. तुरुंगवास भोगून सुटले होते. ते जगरानीदेवींना झाशीला आपल्याकडे घेऊन गेले, तीर्थयात्रा करवल्या, आणि १९५१ मध्ये त्या गेल्या तेव्हा मुलाच्या जागी उभं राहून अंत्यसंस्कारही त्यांनीच केले.

परतीच्या वाटेवर भाची बराच वेळ काही बोलली नाही. कुक्षीला चहाला थांबलो तेव्हा म्हणाली, "मग आत्या, त्या आजींचं घर कुठलं म्हणायचं, भाबऱ्याचं की झाशीचं?" भाचा म्हणाला, "झाशीचं. इथे तर त्यांना कोणी विचारलंच नाही." मी काही बोलले नाही, चहाचे पैसे दिले.

कोणाला जायचं असेल तर महेश्वरला पहाटे पोहोचा, घाट रिकामा मिळतो. महूला १४ एप्रिलच्या आसपास गेलात तर गर्दीची तयारी ठेवा, पण पाहण्यासारखी खरी तीच गर्दी. भाबऱ्याला होळीच्या आधीच्या आठवड्यात जा, त्या भागात भगोरियाचे बाजार भरतात, मुलं कंटाळणार नाहीत. झाशीला जगरानीदेवींची समाधी आहे. तिथे आम्ही अजून गेलेलो नाही. दिवाळीनंतर जायचं ठरलंय, दादाही येतो म्हणालाय.