हुर्यो

मराठीत हुर्यो 'उडवतात'. हे क्रियापद ज्यानं कुणी पहिल्यांदा वापरलं, त्याला गर्दी चांगली कळलेली असणार. शेतातनं पाखरांचा थवा उठावा तशी ती उठते आणि पहिलं पाखरू कोणतं हे कुणालाच सांगता येत नाही. मला मात्र एका हुर्योतलं पहिलं पाखरू ठाऊक आहे. ते मीच होतो.

१९८९ चं गॅदरिंग. सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं कॉलेज, पटांगणात मांडव, पुढे खुर्च्यांवर पाहुणे आणि प्राध्यापक, मागे सतरंज्या, त्याच्याही मागे बांबूला टेकून आमची टोळी. फिशपाँड वाचून झाले होते, पोरं रंगात आली होती. हॉस्टेलवरचा एक बुटका मुलगा नाट्यगीत म्हणायला उभा राहिला. शर्ट इस्त्रीचा, खिशाला पेन. पेटीवर बसलेल्या सरांनी त्याच्या गळ्याला झेपणार नाही अशी वरची पट्टी धरली होती, हे मला कितीतरी वर्षांनी उमगलं. त्या रात्री एवढंच दिसलं की तान घेता घेता त्याचा आवाज फाटला. क्षणभर मांडवात शांतता झाली आणि मी ओरडलो, "वन्स मोअर!"

पुढचं सांगायला नको. शिट्ट्या, कागदी बाण, कोंबड्याचं आरवणं. तो मुलगा थांबला नाही. त्यानं दुसरं कडवं घेतलं, तेही तसंच फाटलं, मग नमस्कार करून तो विंगेत गेला. पुढच्या दोन वर्षांत मी त्याला स्टेजवर पाहिला नाही. पाहायला हवं होतं, असं तेव्हा वाटलंही नाही.

१९९४ च्या सप्टेंबरात संख्याशास्त्रात एम. एस. करायला मी कोलंबसच्या ओहायो स्टेट विद्यापीठात दाखल झालो. शनिवारी अख्खं गाव लाल कपडे घालून नदीकडे का निघतं, ते कळेना. खोलीतल्या नागपूरकरानं समजावलं, "अबे, ही यांची वारी आहे." १९२२ साली उघडलेलं, घोड्याच्या नालासारखं ते स्टेडियम. आज त्यात १,०२,७८० माणसं बसतात. तेव्हाही आमच्या तालुक्यातली बरीच गावं मावली असती. अमेरिकन फुटबॉल समजायला मात्र दोन वर्षं लागली. चार प्रयत्नांत दहा यार्ड, एवढं लवकर कळलं. क्वार्टरबॅक म्हणजे काय, हे नागपूरकरानं असं सांगितलं होतं, "कॅप्टन तोच, ओपनर तोच, विकेटकीपरही तोच. अन् पिच खराब निघालं तर तेही त्यानंच बनवलं."

कुठला सामना ते आता आठवत नाही. आमच्या क्वार्टरबॅकनं फेकलेला चेंडू सरळ समोरच्या संघाच्या पोराच्या हातात गेला. दुसऱ्यांदा. माझ्याभोवती एक आवाज सुरू झाला. आपल्याकडच्या हुर्योसारखा तो चिरका नसतो. साखर कारखान्याचा भोंगा लांबून ऐकू यावा तसा खालच्या पट्टीतला, एकसुरी, न संपणारा. बूऽऽऽ. मी आधी ऐकत राहिलो. मग ओठांचा चंबू झाला आणि माझाही आवाज त्यात मिसळला. तासभर माझ्याकडे ढुंकूनही न पाहणारे शेजारचे टोपीवाले आजोबा वळले, त्यांनी माझ्यापुढे शेंगांचा पुडा धरला आणि म्हणाले, "काय चाललंय आपलं हे?"

आपलं. ओहायोत येऊन मला काही आठवडे झाले होते. बँकेत नाव तीनदा फोडून सांगावं लागत होतं, बसमध्ये शेजारची सीट शेवटी भरत होती. आणि इथे विशीतल्या एका पोरावर ओरडल्याबरोबर मी घरातला झालो होतो. टाळ्या मीही वाजवल्या होत्या, पण टाळ्या पाहुणाही वाजवतो. हुर्यो उडवायला नातं लागतं. त्या रविवारी घरी फोनवर मी म्हणालो, "आपण हरलो." आई घाबरून म्हणाली, "कोण आपण? काय हरलास तू?" मिनिटाला पैसे पडायचे, त्यामुळे समजावलं नाही.

१९९६ च्या नोव्हेंबरात तर मी पुरता कोलंबसकर झालो होतो. तोवर एकही सामना न हरलेला आमचा संघ, घरचं मैदान, समोर मिशिगन. अर्ध्या वेळेला ९-० असे पुढे, शेवटी १३-९ असे मागे. निकालाला कलाटणी मिळाली ती आमचा एक बचावपटू घसरून पडला आणि त्याच्यासमोरचा गडी ६९ यार्ड सुसाट सुटला तेव्हा. तो बचावपटू संघातल्या उत्तमांपैकी होता. पाय कुणाचाही घसरतो. पण त्या हिवाळ्यात न्हाव्याकडे, किराण्याच्या रांगेत, डिपार्टमेंटच्या कॉफीपाशी चर्चा होती ती दोन्ही क्वार्टरबॅकची. त्या वर्षी दोघं आलटून-पालटून खेळत होते. एकाला शिव्या घालून झाल्या की दुसरा तयार असे. त्या चर्चेत माझाही वाटा भरपूर होता. संख्याशास्त्राचा विद्यार्थी म्हणून माझ्या शिव्यांत टक्केवारी असे, इतकंच.

पुढे पोट भरलं ते विम्याच्या धंद्यावर. अपघातात चूक कुणाची किती, याचे हिशोब करणाऱ्या लोकांसाठी मी आकडेमोड करतो. आमच्याकडे दोष वाटून देतात. लाल सिग्नल तोडणारा ८० टक्के, न बघता पुढे आलेला २० टक्के. ओहायोच्या कायद्यात तुमचा स्वतःचा दोष निम्म्याच्या वर गेला की भरपाई बंद. आठवडाभर मी असे सूक्ष्म वाटे पाडायचो आणि शनिवारी शंभर टक्के दोष एकाच पोराच्या नावावर चढवून मोकळा व्हायचो.

चेंडू हातात आल्यावर क्वार्टरबॅकला मिळतात जेमतेम अडीच-तीन सेकंद. समोर पाच धिप्पाड सोबती भिंत करून उभे असतात, त्यातला एक जरी ढासळला तर दीडशे किलोचं धूड अंगावर येतं. तेवढ्यात दूरवर पळणाऱ्या चौघा-पाचांपैकी कोण मोकळा सुटणार हे ओळखायचं आणि तो आत्ता जिथे आहे तिथे नव्हे, तर पुढच्या सेकंदाला जिथे असेल तिथे चेंडू पाठवायचा. पळणारा डावीकडे वळायचा तो उजवीकडे वळला, तरी हुकलेली फेक लागते क्वार्टरबॅकच्याच खात्यात. तक्त्यात पेटीवाल्या सरांसाठी रकाना नसतो.

मार्च २००६. वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध तेंडुलकर एका धावेवर बाद झाला आणि परतताना काही प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. कोलंबसच्या स्वयंपाकघरात ही बातमी वाचून मी इतका संतापलो की धाकट्या भावाला फोन लावला. "आपल्याच माणसाची? वानखेडेवर?" भाऊ दादरला राहतो, शांत डोक्याचा आहे. म्हणाला, "दादा, मग काय इंग्लंडवाले येऊन उडवणार?" २०२४ मध्ये हार्दिक पंड्याला त्याच वानखेडेवर मुंबईच्याच लोकांनी पळता भुई थोडी केली, नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरांना गर्दीला नीट वागा म्हणून सांगावं लागलं, तेव्हा हे वाक्य मला पुन्हा आठवलं. २०२५ च्या ऑगस्टअखेरीस टेक्ससचा आर्च मॅनिंग आमच्याकडे येऊन १४-७ असा हरला. नामांकित घराण्यातला नातू, दोन काका नावाजलेले क्वार्टरबॅक. त्याची फजिती आम्ही चवीनं पाहिली, पण ती नुसती मजा होती. खरी हुर्यो त्याला दोन आठवड्यांनी ऑस्टिनला, स्वतःच्या घरी, स्वतःच्या लोकांकडून मिळाली. तीही जिंकलेल्या सामन्यात.

"आता त्यांना पैसे मिळतात, मग ऐकून घ्यायला काय झालं?" हा युक्तिवाद आमच्या मराठी मंडळाच्या कोजागिरीतही होतो. १ जुलै २०२१ पासून विद्यार्थी खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमावता येऊ लागलं, हे खरं. १ जानेवारी २०२३ पासून ओहायोत खेळांवर पैजा लावणं कायदेशीर झालं, हेही खरं. आता स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलेल्या माणसाचं फक्त मन दुखत नाही, खिसाही दुखतो. एकेका कॉलेज खेळाडूच्या कामगिरीवर पैजा लावणं ओहायोनं २०२४ मध्ये बंद केलं. हरलेले लोक पोरांना गाठून छळत होते, ते एक कारण होतं. दुधाला भाव मिळतो म्हणून गाईला काठीनं मारावं का, असं मी एकदा कोजागिरीला विचारलं. मसाला दूध घोटत असलेल्या काकूंनी फक्त वर पाहिलं.

काइल मकॉर्ड २०२३ मध्ये आमचा क्वार्टरबॅक होता. पहिले अकराच्या अकरा सामने जिंकले, वर्षभरात २४ टचडाउन फेकी, झेल गेले फक्त ६. बाराव्या सामन्यात मिशिगनविरुद्ध, शेवटच्या मिनिटात, अंगावर माणूस येत असताना सोडलेला चेंडू परक्या हातात गेला, ३०-२४. नऊ दिवसांत तो विद्यापीठ सोडून निघाला. पुढच्या वर्षी सिराक्यूजकडून त्यानं ४,७७९ यार्डांच्या फेकी केल्या, देशात सर्वांत जास्त. त्याच्या जागी कॅन्ससहून आलेला विल हॉवर्ड ३० नोव्हेंबर २०२४ ला घरच्या मैदानावर, बेताच्याच मिशिगनपुढे दोनदा चेंडू गमावून १३-१० असा हरला. गावानं त्याला काय काय म्हटलं ते इथे लिहिण्याजोगं नाही. ५१ दिवसांनी अटलांटात त्यानंच राष्ट्रीय विजेतेपद जिंकून दिलं आणि न्हाव्याकडे प्रत्येक जण सांगू लागला, मला पोरात पहिल्यापासून दम दिसत होता.

त्या ३० नोव्हेंबरला माझी मुलगी मैदानाच्या काठावर होती. ती विद्यापीठाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायची. रात्री घरी आली, गरम खिचडीची ताटली घेऊन बसली, बराच वेळ काही बोलली नाही. मी म्हणालो, "फार नाही, थोडंसंच बू केलं आम्ही."

"बाबा, तुला वरून नुसता आवाज येतो," ती म्हणाली. "खाली शब्द ऐकू येतात. त्याच्या आईवरून पण."

मग तिनं लोणचं मागितलं.

गेल्या डिसेंबरात भाचीच्या लग्नाला मिरजेला गेलो होतो. पंगतीत आग्रह करत वाढत फिरत होतो, तेव्हा एका बुटक्या, टक्कल पडलेल्या गृहस्थांनी माझं नाव घेऊन हाक मारली. मुलाकडचे पाहुणे. शाळेत गणित शिकवून निवृत्तीला टेकलेले. ओळख पटायला वेळ लागला; खिशाला पेन होतं, त्यावरून पटली. नातवंडाचं, बीपीचं बोलणं झालं. मी काही बोलणार एवढ्यात तेच हसत म्हणाले, "ते गॅदरिंग आठवतं का हो? काय बेजार केलं होतं मला."

"आठवतं," मी म्हणालो.

"तुमच्यातला तो उंच पाटील. त्यानंच सुरुवात केली होती. पहिला आवाज त्याचाच. मी आयुष्यात विसरलो नाही." ते अजून हसतच होते. "पुढे पलूसला एकदा भेटला, तर मी ओळख दाखवली नाही."

पाटील त्या रात्री गॅदरिंगला आलाच नव्हता. त्याच्या घरी ऊसतोड होती. मागच्याच वर्षी तो गेला.

माझ्या हातात मठ्ठ्याचं भांडं होतं. त्यांनी वाटी पुढे केली. मी ती काठोकाठ भरली आणि शेजारच्या पानाकडे सरकलो.