पालखीतला माणूस

पुतणीचा फोन आला. तिचं लग्न ठरलंय आणि तिला आजोबांनी लिहिलेल्या मंगलाष्टका हव्यात. "काका, तुमच्याकडे जुन्या असतीलच ना? नावं तेवढी बदलून घेऊ."

नावं तेवढी! अण्णा, म्हणजे तिचे आजोबा, लिहायचे शार्दूलविक्रीडितात. ओळीला १९ अक्षरं, बाराव्यावर यती. नवरीचं नाव कमलिनी असलं की स्वारी खूश, कारण तीन लघू आणि एक गुरू अशी ती चार अक्षरं यतीच्या अलीकडे आपोआप बसतात. पुतणीचं नाव दोन अक्षरांचं, दोन्ही गुरू. कमलिनीच्या जागी तिला उभी केली की वृत्त तिथंच कोसळतं. "बघतो," म्हणालो आणि माळ्यावरची फाईल काढली. बँकेच्या बाद झालेल्या स्लिपांच्या पाठीवर अण्णांचं बारीक अक्षर. डिंकाचा आणि जुन्या कार्बन पेपरचा वास आला, आणि त्या वासासरशी मला शफी इनामदार आठवले.

१९८८ साली दूरदर्शनवर गुलजारांची 'मिर्झा गालिब' लागायची. नसीरुद्दीन शहा गालिब, तन्वी आझमी त्याची बायको उमराव बेगम, वर जगजित-चित्राचे आवाज. मिरजेच्या आमच्या घरात उर्दू कुणाला धड येत नव्हतं, तरी सगळे हलायचे नाहीत. इनामदार त्यात जौक झाले होते, म्हणजे बादशहा बहादूरशहा जफरचे उस्ताद. एक प्रसंग डोक्यातून जात नाही. गल्लीतून जौकची पालखी चाललीय आणि बाजूला बसलेला गालिब त्याच्या दरबारी मिरवण्यावर एक ओळ भिरकावतो. पुढे दरबारात जाब विचारला जातो, तेव्हा हा पठ्ठ्या ती ओळ आपल्याच गझलेच्या मक्त्यातली, म्हणजे शेवटच्या शेरातली, म्हणून सांगतो, टोमणा स्वतःवर उलटवतो आणि वर दाद घेऊन जातो. घरात जल्लोष. अण्णा कोपऱ्यात मांडीवर पाट ठेवून कुणाच्या तरी लग्नाचं लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "तो कामावर निघालाय रे. वाटेत बसलेल्याचं काय जातंय बोलायला!"

मी त्यांना गप्प बसवलं. गझल सुरू झाली होती.

अण्णा सहकारी बँकेत कारकून होते. अध्यक्षांचा सत्कार असला की मानपत्र त्यांच्याकडे. अध्यक्ष बदलले की तेच मानपत्र, विशेषणांची जागा बदलून. मंगलाष्टकांचा मोबदला म्हणजे नारळ आणि पहिल्या पंगतीत पान. लग्नात भटजींनी त्या सुरात म्हटल्या की लोक भटजींच्या गळ्याचं कौतुक करायचे.

जौक हा गरीब शिपायाचा मुलगा. जफर युवराज असताना त्याची शायरी दुरुस्त करायला लागला तो महिना चार रुपयांवर, असं त्याचा शिष्य मुहम्मद हुसेन आझाद 'आब-ए-हयात'मध्ये सांगतो. चार रुपये! पालखी फार उशिरा आली. मालिकेत मात्र ती आधीच आलेली असते, आणि पालखीतला माणूस पाहणाऱ्याला कधी आवडत नाही. गुलजारांवर माझा राग आहे तो एवढाच. गालिबचा बाणेदारपणा दाखवायला कुणीतरी मिंधा लागतो, आणि ते काम पगारदाराच्या गळ्यात पडतं.

बरं, पालखीत गालिबही बसला होता. दिल्ली कॉलेजात फारसीच्या अध्यापकाची जागा निघाली तेव्हा तो मुलाखतीला पालखीतून गेला आणि मुलाखत घेणारे थॉमसनसाहेब स्वागताला बाहेर येईनात म्हणून दारातूनच परतला. नोकरीने मान वाढायचा सोडून कमी होणार असेल तर नकोच, असा त्याचा हिशेब. त्याचा चरित्रकार हाली याने लिहून ठेवलेली ही गोष्ट मला फार प्रिय आहे. पण हाच गालिब महिना साडेबासष्ट रुपयांच्या पेन्शनचं गाऱ्हाणं घेऊन १८२८ साली थेट कलकत्त्याला पोचला होता आणि नंतरही वर्षानुवर्षं अर्ज करत राहिला. १८५० मध्ये त्यानेही दरबाराची चाकरी धरली, तैमूर घराण्याचा इतिहास लिहिण्यासाठी, महिना पन्नासावर.

आणि १८५२ चं ते लग्न. शहजादा जवानबख्तच्या लग्नासाठी गालिबने सेहरा लिहिला. सेहरा म्हणजे आपल्या मंगलाष्टकांचा दिल्लीवाला मावसभाऊ. शेवटच्या शेरात, याहून सरस सेहरा कुणी लिहून दाखवावा, असं आव्हान देऊन मोकळा झाला. बादशहाला ते आपल्या उस्तादाला टोचणारं वाटलं. त्याने जौककडून दुसरा सेहरा लिहून घेतला आणि गालिबला माफीची कविता लिहावी लागली. माफीसुद्धा त्याने अशी लिहिलीय की वाचताना नेमकं कोण झुकलंय ते कळत नाही. तो मोठा होताच, त्यात वाद नाही. पण एका लग्नापायी दिल्लीतले दोन सर्वांत मोठे कवी कामाला लागले होते, हे अण्णांना सांगायला हवं होतं. खूश झाले असते. कदाचित विचारलंही असतं, वृत्त कुठलं?

फाईल चाळताना एक गोष्ट दिसली. जवळजवळ प्रत्येक मंगलाष्टकेत, पाचव्या-सहाव्या कडव्यात, कृष्णेच्या पुराची एक ओळ आहे. नवरी कोल्हापूरची असो की लातूरची. त्या ओळीचा लग्नाशी काही संबंध नाही. कधी पाणी घाटाच्या पायऱ्या चढतंय, कधी उतरून गेलंय आणि मागे गाळ राहिलाय. शुभकार्यात गाळ! कुणाच्या लक्षात आलं नसणार, कारण तोवर लोक अक्षता टाकण्यात गुंतलेले असतात.

जौकनेही एकदा हट्ट केला होता. हैदराबादचे दिवाण राजा चंदूलाल यांनी त्याला दक्षिणेत बोलावलं. तिथं पैसा होता, शायरांची कदर होती. हा गेला नाही. दिल्लीच्या गल्ल्या सोडवेनात. पगारी माणसाला एवढं परवडतं कधी कधी. १८५४ साली तो गेला आणि त्याची उस्तादी गालिबकडे आली. पुढे दिल्लीतल्या नबी करीममधल्या त्याच्या कबरीवर सार्वजनिक मुताऱ्या बांधल्या गेल्या. त्या हटवायला न्यायालयाचा आदेश लागला. गालिबची मजार निजामुद्दीनला आहे, तिथं लोक फुलं घेऊन जातात.

१८५७ मध्ये दिल्ली पडल्यावर आझादला घर सोडावं लागलं. वडील मौलवी बाकर यांना इंग्रजांनी मारलं. आझादने सांगितलंय की निघताना त्याने घरातून उचललं ते उस्तादाच्या गझलांचं बाड. मग म्हातारपणी जौकचा दिवाण, म्हणजे काव्यसंग्रह, छापताना त्याने त्यात स्वतःचे शेर घातले, असं अभ्यासक म्हणतात, आणि पुरावेही देतात. शिवाय जफरच्या नावावरचं बरंचसं जौकचंच, हा दावाही या आझादचाच. म्हणजे बादशहासाठी उस्ताद लिहितो, उस्तादासाठी शिष्य, आणि अभ्यासक कोणाचं काय ते वेगळं करत बसतात. आझादवरचा तो ठपका खरा असेल. मला तरी त्याच्यावर रागावता येत नाही.