गोलावरचा दोरा

अमेरिकेतल्या लेकीला सातवा महिना लागला, तेव्हा मी कपाटावरचा तिच्याच शाळेच्या दिवसांतला पृथ्वीगोल खाली काढला. पदराने धूळ पुसली, शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला, एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबलं आणि दुसरं न्यूयॉर्कवर. भिंतीवरच्या नकाशात बघितलं तर वाट अरबी समुद्र, इजिप्त, मग अटलांटिक अशी दिसते. पण दोरा ताणला तसा तो वर सरकत गेला. अफगाणिस्तान, रशिया, स्वीडन, आइसलंड, ग्रीनलंडचं टोक. सगळ्यात जवळचा रस्ता बर्फाच्या मुलखावरून जातो. सुमारे साडेबारा हजार किलोमीटर.

विमानाला हा दोरा जसाच्या तसा धरता येत नाही. कुठे युद्ध चालू असतं, कुठे हद्द बंद असते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानचं आकाश भारतीय विमान कंपन्यांना बंद झालं आणि वळसा वाढला. माणसांची भांडणं इतक्या उंचावरही पोचतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर तो पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो; हिवाळ्यात ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे जातो. जाताना तो विमानाच्या तोंडावर असतो, येताना पाठीशी. म्हणून थेट विमानालाही जाताना पंधरा-सोळा तास लागतात आणि येताना तास-दीड तास कमी. लेकीकडे पोचायला उशीर, आणि तिला सोडून निघालं की घर लवकर. मला हे नेमकं उलटं हवं होतं.

शिवाय या तासांत आमच्या सांगलीहून मुंबई गाठणं धरलेलं नाही. त्या पावणेचारशे किलोमीटरला एक अख्खी रात्र जाते. निघायच्या आदल्या दिवशी बॅग काट्याला अडकवली, तर २३ किलोची मर्यादा ओलांडून काटा २४ वर. मी माझा स्वेटर काढून ठेवला. डिंकाच्या लाडवांचा डबा होता तिथेच राहिला.

विमानात दिवे मालवले, तेव्हा मला डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेलेल्या आनंदीबाई जोशी आठवल्या. ७ एप्रिल १८८३ ला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. जवळजवळ दोन महिने. वय अठरा, आणि बरोबर घरचं कुणीही नाही. त्या पहिल्यांदा राहिल्या ते, त्यांना घरी ठेवून घेणाऱ्या कार्पेंटरबाईंचं, रोझेल हे गाव न्यू जर्सीतच, मी उतरणार होते त्या नेवार्कच्या विमानतळापासून अगदी जवळ. त्या बोटीवर रात्री काय वाटत असेल, याचा विचार करताना माझे सोळा तास मला फार थोडे वाटले.

१८८६ मध्ये डॉक्टर होऊन त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारल्या. त्यांची रक्षा मात्र पुन्हा समुद्र ओलांडून कार्पेंटरबाईंकडे गेली. ती न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावच्या दफनभूमीत आहे.

लेकीच्या घरून पोकीप्सी मोटारीने दोनेक तासांवर. नात दीड महिन्याची झाली, तेव्हा आम्ही तिघी जाऊन आलो.